हंडीला रुग्णवाहिका, रेव्हला छापा

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांचा ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत, चाळीस मजली इमारतीत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबरात, सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव मुंबईत शिवडीला भरला. २००७ साली गोव्यात सुरू झालेला आणि मध्यंतरी काही काळ पुण्यात मुक्काम केलेला हा महोत्सव असा थेट गिरणगावाच्या उंबऱ्यावर येऊन ठेपला. सनबर्न म्हणजे रेव्ह पार्टी नव्हे. तिकीट, परवाने आणि बंदोबस्त यांसह होणारा तो उघड कार्यक्रम आहे आणि या दोहोंत गल्लत करण्याचे कारण नाही. परंतु ज्या संगीतासाठी एके काळी हणजूणच्या किनाऱ्यावर जावे लागत असे, ते आता वरळी नाक्यापासून टॅक्सीच्या अंतरावर आले आहे, हेही तितकेच खरे. चाळीतला वीस-बावीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर कधी तरी पहिल्यांदा अशा रात्रीला जाणार, ही कल्पना आता नवलाची उरलेली नाही. त्या पहिल्या रात्रीसाठी आपल्या व्यवस्थेने काय तयारी ठेवली आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारताना दिसत नाही.

मराठी घरांत 'रेव्ह पार्टी' हा शब्द खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००७ च्या मार्चमध्ये. ऐन होळीच्या सुमारास सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे पुणे ग्रामीण पोलिसांनी घातलेल्या छाप्यात अडीचशेहून अधिक तरुण-तरुणी सापडल्या. विद्यार्थी आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील नोकरदार यांचा त्यांत भरणा होता. 'सिंहगडाच्या पायथ्याशी' या दोन शब्दांनीच निम्मे काम केले, महाराष्ट्र संतापला. पुढे २००८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत जुहूच्या एका क्लबवर छापा पडून दोनशेहून अधिक तरुण ताब्यात घेतले गेले. २०११ च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यात खालापूरजवळच्या पार्टीवर धाड पडली, तेव्हा अटक झालेल्यांत मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकातील एक निरीक्षकच निघाला! २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कॉर्डेलिया क्रूझचे प्रकरण देशभर गाजले. आणि २०२५ च्या जुलैत पुण्यात खराडी येथील एका सदनिकेत सात जणांना पकडण्यात आले, त्यालाही वृत्तवाहिन्यांनी 'रेव्ह पार्टी' म्हटले. अडीचशे माणसांचा माळरानावरचा जमाव आणि सात माणसांची खोलीतली बैठक एकाच नावाने ओळखली जात असेल, तर त्या नावाला बातमीच्या मथळ्यापलीकडे फारसा अर्थ राहत नाही.

कायद्यात तर तो शब्दच नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे 'एनडीपीएस'मध्ये, पदार्थ जवळ बाळगणे, विकणे, सेवन करणे, त्यासाठी जागा वापरू देणे हे गुन्हे आहेत; पार्टीला हजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. ब्रिटनने मात्र १९९४ साली एका कायद्यात रेव्हच्या संगीताची व्याख्या करून टाकली. एकापाठोपाठ एक त्याच त्या ठोक्यांचे संगीत, असा तिचा आशय. ही व्याख्या वाचून लालबागच्या माणसाला हसू येईल, कारण ती नाशिक ढोलालाही तंतोतंत लागू पडते. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून वाढलेल्या मुलाला रेव्हमधला आवाज नवा नसतो, रात्र जागवणे नवे नसते, गर्दीत स्वतःला विसरणेही नवे नसते. नवी असते ती पुडी.

'धनदांडग्यांची बिघडलेली पोरे' हे रेव्हचे ठरलेले चित्र आहे. या चित्रात चाळीला जागा नाही, म्हणूनच ते चाळीला सोयीचेही वाटते. वस्तुस्थिती अशी की, नशेच्या प्रत्येक लाटेत गिरणगाव पहिल्या फळीत भिजले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांच्या घरची चूल पुन्हा पूर्वीसारखी पेटली नाही. त्याच दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' आले. त्याने मराठीला 'गर्दुल्ला' हा शब्द दिला आणि महाराष्ट्राला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते पुण्यात सुरू केले. गर्दुल्ला पुलाखाली, जिन्यात, स्मशानाच्या भिंतीशी दिसत असे. दिसत असल्यामुळेच त्याच्याविषयी घृणा होती, पण काही प्रमाणात काळजीही होती.

आजची पुडी दिसत नाही. मेफेड्रोन ऊर्फ एमडी ही पांढरी भुकटी २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हती. त्यानंतर महिनाभरातच मुंबई पोलीस दलातील एका हवालदाराला सातारा जिल्ह्यातील गावी शंभर किलोहून अधिक भुकटीसह अटक झाली. आणखी काही साठा मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातील त्याच्या कपाटात सापडला. त्या प्रकरणाचे धागे वरळीपर्यंत येऊन भिडले होते. पुढे प्रयोगशाळेने ती भुकटी एमडी नसून अजिनोमोटो असल्याचे सांगितले आणि साऱ्या प्रकरणाचा फज्जा उडाला. आता एमडी कुठून येते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला सीमेपलीकडे जावे लागत नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दौंडनजीकच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी तिचे कारखानेच उघडकीस आणले. रेव्हच्या विलायती गोळीपेक्षा ही स्वदेशी भुकटी स्वस्त, आणि तिचा अंमल लवकर उतरत असल्याने एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाणारी. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या दृष्टीने हेच धोक्याचे. एक पुडी चौघांत, आणि ती आणायची कशी, तर वर्गणी काढून!

वर्गणी हा चाळीच्या जीवनाचा कणा आहे. गणपती, सत्यनारायण, आंबेडकर जयंती, क्रिकेटचे सामने, कोणाचे मयत, सगळे वर्गणीवर पार पडते. कायद्याच्या नजरेत मात्र चौघांचे पैसे गोळा करून पुडी आणणारा मुलगा मित्रांचा खजिनदार नसून पदार्थ विकत घेणारा, जवळ बाळगणारा आणि दुसऱ्यांना पुरवणारा ठरू शकतो. न्यायालयांनी यात काही तारतम्य आणले आहे. रिया चक्रवर्ती यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी म्हटले की, दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अमली व्यापाराला अर्थपुरवठा करणे नव्हे. क्रूझ प्रकरणात आर्यन खान याला २८ ऑक्टोबर २०२१ रोजी जामीन मिळाला. त्याच्याकडे कोणताही अमली पदार्थ सापडला नव्हता आणि केवळ एकाच जहाजावरून प्रवास केला म्हणून कट सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. २०२२ च्या मे महिन्यात त्याचे नाव आरोपपत्रातून वगळण्यात आले. देशातील नामांकित वकील उभे असतानाही त्या मुलाचे तीन आठवड्यांहून अधिक दिवस कोठडीत गेले. बीडीडीतल्या मुलासाठी वकील कोण उभा करणार आणि किती दिवसांनी, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अर्थात, कोठडी हा या रात्रीचा सर्वांत वाईट शेवट नाही.

एक्स्टसी म्हणून ओळखली जाणारी गोळी किंवा एमडी घेतल्यावर शरीराचे तापमान वाढते, नाडी धावू लागते, तहान आणि थकवा यांची जाणीव बोथट होते. कोंदट जागा, तासन् तास नाच, वर दारू, अशी सांगड पडली की काहींची प्रकृती झपाट्याने ढासळते. (महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे बावीस वर्षांच्या मुलाची लपवाछपवी पुडीच्या आधी, व्हिस्कीच्या पेल्यापासूनच सुरू झालेली असते.) भरमसाट पाणी पाजणे हा मित्रांना सुचणारा पहिला उपाय, आणि तोही घातक ठरू शकतो, कारण रक्तातील क्षारांचे प्रमाण घसरून मेंदूला सूज येते. १९९५ साली इंग्लंडमध्ये आपल्या अठराव्या वाढदिवशी एक्स्टसी घेतलेल्या एका मुलीचा मृत्यू झाला, तो गोळीनंतर थोड्या वेळात प्यालेल्या अतोनात पाण्याने. आपण कोणता पदार्थ घेतला आहे, हेही पहिल्यांदा घेणाऱ्याला ठाऊक नसते. पुडीतली भुकटी काहीही असू शकते, अजिनोमोटोसुद्धा.

अशा वेळी अंग तापलेल्या, बरळू लागलेल्या, आचके देणाऱ्या मुलाला कुशीवर वळवून, त्याचे अंग गार करीत तातडीने रुग्णालयात नेणे आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगणे, एवढेच करायचे असते. अवघड त्यात वैद्यकीय असे काही नाही. अडचण आहे ती भीतीची. विषबाधेसारख्या रुग्णाची रुग्णालयात वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंद होते, पोलीस चौकीला कळवले जाते आणि 'बरोबर कोण होते' हा प्रश्न येतोच. सेवन केलेल्यावर कलम २७ खाली गुन्हा. पदार्थ कोणता यावर सहा महिने किंवा वर्षभरापर्यंतची शिक्षा. पुडी आणणाऱ्यावर त्याहून अधिक. सोबत आलेल्या तिघांपैकी एकाने पैसे गोळा केलेले असतात, दुसऱ्याच्या खिशात उरलेली चिमूट असते, तिसऱ्याला सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचे असते. मग 'थोडा वेळ थांबू, उतरेल' असे ठरते. अमली पदार्थाइतकाच हा थोडा वेळही जीव घेऊ शकतो.

बीडीडीच्या संदर्भात या भीतीला आणखी एक पदर आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील या चाळींत पोलिसांची बावीसशेच्या वर कुटुंबे राहत आली आहेत. इथे पोलीस म्हणजे बनियनवर नळाशी उभा असलेला शेजारी, मित्राचे बाबा. त्याच चाळीने १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत पोलिसांचे दुसरे रूपही पाहिले आहे. रात्री दोन वाजता मित्र बेशुद्ध पडल्यावर हवालदार काकांना फोन करावा, असे मुलाला वाटते आणि त्याच काकांना तर मुळीच कळता कामा नये, असेही वाटते. पूर्वीच्या चाळीत लपवणे जमतच नसे. एका मजल्यावर वीस खोल्या, समाईक शौचालय, उघडी दारे. पहाटे झोकांड्या खात येणारा मुलगा चार जणांनी पाहिल्याशिवाय घरात शिरत नसे. त्या पाळतीचा जाच किती होता, विशेषतः मुलींना, हे चाळीचे गोडवे गाणारे सोयीस्करपणे विसरतात. तरीही तिचा एक फायदा होता. कोणी तरी दार ठोठावत असे.

येथे जांबोरी मैदानाकडे पाहावे लागते. बीडीडी चाळींच्या मधोमध असलेल्या या मैदानावर वर्षानुवर्षे दहीहंडी बांधली जाते आणि तिच्यावरून राजकीय पक्षांत चढाओढही होते. २०२२ साली ती सर्वांनी पाहिली. नऊ-नऊ थर लावणे हा जिवाशी खेळ आहे, याबद्दल दुमत नाही. दरवर्षी मुंबईत शेकडो गोविंदा जखमी होतात, काही कायमचे जायबंदी होतात, काही दगावतात. न्यायालयाने वयाची अट घातली, उंचीचा वाद झाला, पण खेळ थांबला नाही. न थांबणाऱ्या या खेळाशी आपण कसे वागतो? मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका उभ्या असतात. केईएम, नायर, शीव या रुग्णालयांत त्या दिवशी खाटा राखून ठेवल्या जातात, अस्थिरोगतज्ज्ञ सज्ज असतात. सरकारी खर्चाने गोविंदांचा विमा उतरवला जातो आणि मृत्यू झाल्यास दहा लाखांची तरतूद असते. २०२२ साली तर राज्य सरकारने या खेळाला साहसी क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. वरून कोसळलेल्या मुलाला मंडळाची पोरे उचलतात आणि धावत सुटतात. 'बरोबर कोण होते' हा प्रश्न तिथे दटावणीचा नसतो, उलट बरोबर असणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात.

दहीहंडी आणि अमली पदार्थ यांची तुलना अनेकांना रुचणार नाही. एक सण आहे, दुसरा गुन्हा आहे. एकात शिस्त आणि सराव लागतो, दुसऱ्यात शिस्तीचा विसर पडतो. हे सर्व मान्य. परंतु तुलना दोन कृत्यांची नसून त्या कृत्यांत जखमी होणाऱ्या एकाच मुलाची आहे. ऑगस्टमध्ये सातव्या थरावरून पडलेला आणि डिसेंबरात पार्टीत कोसळलेला मुलगा एकाच खोलीतला असू शकतो, त्याला उचलणारे मित्रही तेच असू शकतात. पहिल्या वेळी ते धावतात. दुसऱ्या वेळी ते एकमेकांकडे पाहतात.

यावर कायद्यात काहीच सोय नाही, असे म्हणता येणार नाही. एनडीपीएसच्या कलम ६४-अ खाली व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार स्वीकारल्यास सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील गुन्ह्याच्या खटल्यातून तिला सूट मिळू शकते. गंमत अशी की, ही सवलत 'व्यसनी' माणसासाठी आहे. पहिल्यांदाच गोळी घेतलेला मुलगा व्यसनी नसतो. त्याला या कलमाच्या आश्रयाला यायचे तर आधी व्यसन जडवून घ्यावे लागेल! आणि त्याला रुग्णालयात आणणाऱ्या मित्राचा तर त्यात उल्लेखही नाही. वैयक्तिक सेवनासाठी अल्प प्रमाण बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवावे, असे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवल्याच्या बातम्या २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, नेमक्या क्रूझ प्रकरणाच्या धामधुमीत आल्या होत्या. केंद्राने २०२४ च्या जुलैत 'मानस' ही १९३३ क्रमांकाची मदतवाहिनी सुरू केली, ते स्वागतार्हच. मात्र ती अमली पदार्थ नियंत्रण विभागाची, म्हणजे छापे घालणाऱ्या यंत्रणेचीच आहे. विक्रेत्याची खबर देण्यासाठी आणि समुपदेशनासाठी एकच क्रमांक असेल, तर घाबरलेला मुलगा तो फिरवील, ही अपेक्षा भाबडी ठरते.

याहून सरळ नमुना आपल्याच देशात तयार आहे. रस्त्यावर अपघातग्रस्त पडलेला असतो आणि पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून लोक वळसा घालून जातात, ही परिस्थिती बदलण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्याला संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून ते पक्के करण्यात आले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर जबाबदारी ढकलली जाणार नाही, नाव-गाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती होणार नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली हेच तत्त्व अमली पदार्थांच्या अतिसेवनाला लावले. वैद्यकीय मदत मागणाऱ्यावर आणि रुग्णावर बाळगल्याचा खटला भरायचा नाही, असा कायदा केला. पुढे बहुतेक सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. अशा सवलतीने नशेला उत्तेजन मिळेल, हा आक्षेप अपेक्षितच आहे. पण रुग्णवाहिका दिसली म्हणून कोणी नववा थर लावत नाही, आणि पकडले जाणार नाही या भरवशावर कोणी मरणाच्या दारात जाऊन येत नाही. विकणाऱ्यांवर, कारखाने चालवणाऱ्यांवर, त्यांना पाठीशी घालणाऱ्या वर्दीतल्या माणसांवर कारवाई कठोरच हवी. ती आणि ही सवलत यांत विरोध नाही.

केंद्रीय कायदा बदलायला वेळ लागेल. राज्याच्या हातात मात्र बरेच काही आहे. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत चौदा जणांचे प्राण गेले, तेव्हापासून मध्य मुंबईतल्या पबला आपत्कालीन दाराविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले. त्याच परवान्याच्या अटींत थंड हवेची वेगळी खोली, मोफत पिण्याचे पाणी आणि पोलिसांना उत्तरदायी नसलेला डॉक्टर यांची भर घालता येईल. अशा कार्यक्रमांत दाराशी उभा राहणारा सुरक्षारक्षक, ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढणारा, गाड्या लावणारा हे बहुधा याच वस्त्यांतले असतात. आचके देणारा माणूस आणि केवळ झिंगलेला माणूस यांतला फरक ओळखण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण त्यांना देणे अशक्य नाही. मोठ्या कार्यक्रमांत रुग्णवाहिका आजही असते, पण ती बंदोबस्ताच्या गाड्यांना खेटून उभी असते. ती थोडी दूर उभी करायला गृहखात्याच्या एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही, आणि ते ३१ डिसेंबरच्या बंदोबस्ताच्या आदेशांबरोबरही काढता येईल.